होल्डवर थांबलेली मंडळी

“मानवाच्या इतिहासात तीनच दिवस महत्त्वाचे,” धाकटे साहेब म्हणाले. “पहिला, विस्तव सापडला तो. दुसरा, चाक सापडलं तो. आणि तिसरा, आजचा.”

त्यांचं बोलणं संपायला आणि ते ज्या खोक्यावर उभे होते तो खोका खाली बसायला एकच गाठ पडली. खोक्यात आमच्या कचेरीसाठी आणलेले नवे इंटरनेट फोन होते. नऊ होते. आठ वाचले.

नववा फोन चहाच्या खोलीत लागायचा होता. तो वाचला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण तो वाचला नाही, आणि चहाच्या खोलीत फडताळावर त्याच्यासाठी आणून ठेवलेली वायर तशीच लोंबकळत राहिली.

आमची कंपनी चाकं बनवते. मोठी नाहीत. दवाखान्यातल्या पलंगांची, ट्रॉल्यांची, कचेरीतल्या खुर्च्यांची, मुठीत मावतील एवढी. कंपनी मोठ्या साहेबांनी काढली. ते गेले, त्यांचा मुलगा खुर्चीवर बसला, त्यालाही आता एकेचाळिसावं लागलं, पण आम्ही त्यांना धाकटे साहेबच म्हणतो. मी पत्रव्यवहार बघतो. कोणालाही काहीही कळवायचं असलं की मसुदा मी करतो, म्हणून मला मसुदेभाऊ म्हणतात. खरं नाव आता पगारपत्रकाखेरीज कुठे उरलेलं नाही.

आणि फोनवर अक्का. तीस वर्षं.

जुन्या फोनला दोन लाइनी होत्या. होल्ड म्हणजे काय, तर अक्का रिसीव्हर एका विणलेल्या लोकरीच्या चौकोनावर पालथा ठेवायच्या आणि उठून ज्याचा फोन त्याच्या टेबलापाशी जायच्या. ट्रान्स्फर म्हणजे त्या माणसाला हाताला धरून फोनपाशी आणायच्या. यात कधी चूक झाल्याचं मला आठवत नाही. हाताला धरून आणलेला माणूस भलताच निघणं अवघड असतं.

बऱ्याचदा आणायची वेळच यायची नाही. एखाद्या दवाखान्यातून तक्रार यायची की पलंग वाजतोय. अक्का म्हणायच्या, “फोन चाकाजवळ धरा आणि पलंग जरा ढकला.” मग डोळे मिटून ऐकायच्या. “रबर ठीक आहे. आतले छर्रे गेलेत. चाक बदलू नका, मी छर्रे पाठवते.” एकदाही चुकल्या नाहीत. मोठे साहेब गमतीने म्हणायचे, आमच्याकडे चाकांची डॉक्टरीण आहे, नाडी फोनवरून बघते.

अक्कांना अठ्ठावन्न पूर्ण व्हायला दोन वर्षं होती. “त्या दिवशी संध्याकाळचा शेवटचा फोन मी स्वतः घेणार, स्वतः ठेवणार, मग पर्स उचलणार,” असं त्या सांगत. त्यांचा आयुष्याकडे एवढाच हट्ट होता.

तर नवे फोन आले. फोनवाला लॅपटॉप मांडीवर घेऊन दिवसभर बसला. कॉल ट्रान्स्फर करायचे दोन प्रकार असतात, असं त्याने आम्हाला समजावलं. एक, विचारून देणं. म्हणजे पलीकडच्याला होल्डवर ठेवायचं, आपल्या माणसाला विचारायचं, तो ‘द्या’ म्हणाला की द्यायचा. दुसरा, न विचारता देणं. म्हणजे बटण दाबायचं आणि आपण सुटायचं.

“सगळे न विचारता द्यायचे,” धाकटे साहेब म्हणाले. “विचारण्यात वेळ जातो.”

“आणि होल्डवर असताना पलीकडच्याला काय ऐकवू?” फोनवाल्याने विचारलं.

“काही ऐकवलंच पाहिजे का?”

“नाही ऐकवलं तर त्याला वाटतं फोन तुटला. मग तो खरंच तोडतो.”

“मग रेडिओ ऐकवा. चहाच्या खोलीत आहे. दिवसभर वाजतोच आहे फुकटचा.”

फोनवाला चहाच्या खोलीत अर्धा तास खुडबुडला. बाहेर येऊन म्हणाला, “रेडिओ फार जुना आहे साहेब. तात्पुरतं केलंय काहीतरी. पुढच्या आठवड्यात नीट करतो.” ‘तात्पुरतं’ म्हणून गेलेला कारागीर पुन्हा दिसत नाही, असा माझा चाळीस वर्षांचा अनुभव आहे. त्याने माझ्या अनुभवाला तडा जाऊ दिला नाही.

आता या चहाच्या खोलीबद्दल सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी धाकट्या साहेबांनी कचेरीतल्या सगळ्या भिंती पाडून काचा बसवल्या. पारदर्शक कारभार, असं ते म्हणाले. तेव्हापासून कोणी शिंकलं तरी सगळ्यांना दिसतं आणि निम्म्यांना ऐकू येतं. खरी भिंत आणि खरं दार उरलं ते फक्त चहाच्या खोलीला. म्हणून ज्याला काही खासगी बोलायचं असेल तो चहाच्या खोलीत जातो, दार लावतो आणि आधी रेडिओ बंद करतो. बंद करावाच लागतो, कारण त्याचं आवाजाचं बटण तुटलंय. तो एकतर गळा काढून गातो, नाहीतर गप्प बसतो.

नवे फोन लागून तीन दिवस झाले असतील. धाकटे साहेब मला चहाच्या खोलीत घेऊन गेले. दार लावलं. रेडिओ बंद केला.

“मसुदेभाऊ, एक पत्र करायचंय. अक्कांना महिनाअखेरीला मोकळं करायचं. पुढच्या महिन्यापासून फोन यंत्रच उचलेल. चौकशीसाठी एक दाबा, तक्रारीसाठी दोन दाबा. माझ्या आवाजात भरून ठेवलंय.”

मला घोटभर चहा ठसका देऊन गेला. “त्यांची दोनच वर्षं राहिलीत साहेब.”

“त्यांना नवं जमत नाही हो. काल बघितलं मी. फोनची माहितीपुस्तिका वाचत बसल्या होत्या, आणि ती उलटी धरली होती.”

यावर मी नाही म्हणायला हवं होतं. तीस वर्षं मी त्या बाईच्या डब्यातलं खाल्लं होतं. मी म्हणालो, “किती प्रती काढू?”

“एकच. आणि महिनाअखेरीपर्यंत कोणाला कळता कामा नये. मोठ्या दवाखान्याची ऑर्डर अडकलीय. त्यांच्या खरेदीबाई अक्कांशीच बोलतात.”

मोठा दवाखाना म्हणजे नव्या इमारतीतले तीनशे पलंग. एका पलंगाला चार चाकं, म्हणजे बाराशे. ही ऑर्डर आली तर वर्षभर यंत्रं चालू राहणार होती.

मी मसुदा केला. चहाच्या खोलीत दार लावून, रेडिओ बंद करून, वाचून दाखवला. धाकटे साहेब म्हणाले, “हे ऐकून मलाच रडू येतंय. जरा कोरडं करा.” दुसरा इतका कोरडा झाला की अक्का म्हणजे एखादा सदोष माल असून आम्ही तो वाहतूकखर्चासह परत पाठवतोय, असं वाटलं. तिसरा, चौथा, पाचवा. अडीच आठवड्यांत पाच मसुदे झाले, आणि प्रत्येक मी त्या खोलीत खणखणीत वाचला. माझा आवाज बरा आहे. शाळेत मला प्रार्थनेला पुढे उभं करायचे.

त्याच सुमारास विचित्र गोष्टी घडायला लागल्या.

आमचे गोदामकाका घरच्या संकटात होते. काकूंनी त्यांना न सांगता सोफा आणला आणि तो दारात अडकला. अर्धा आत, अर्धा बाहेर, पुढेही जाईना आणि मागेही येईना. काका रोज चहाला आम्हाला त्याची बातमी द्यायचे. एका सकाळी ते हिशेबनिसाच्या टेबलाशी आले तेव्हा पार चक्रावलेले होते.

“आत्ता खोकेवाल्याचा फोन होता. खोक्यांचं बोलणं झालं आणि शेवटी मला म्हणतो, सोफ्याचे पाय काढून बघितलेत का.”

“मग बघितलेत का?”

“तो प्रश्न नाहीये. खोकेवाल्याला माझा सोफा कसा माहीत?”

आम्ही म्हटलं, काकूंनी सांगितलं असेल. काका म्हणाले, ती खोकेवाल्याला ओळखत नाही. तर आम्ही म्हटलं, मग सोफेवाल्याने सांगितलं असेल. असं म्हणून आम्ही कामाला लागलो. दुसऱ्याच्या आश्चर्याला माणूस फार वेळ देत नाही.

मग खरेदीबाईंचं प्रकरण झालं. धाकट्या साहेबांच्या हुकुमाप्रमाणे त्यांचा कॉल न विचारता गोदामात दिला गेला. काका त्या वेळी सुताराच्या फोनची वाट बघत होते. त्यांनी उचलला आणि थेट सांगितलं, “करवत घेऊन या, आणि एक दणकट माणूस आणा.” खरेदीबाई अठरा वर्षं दवाखान्यात काढलेल्या. त्यांनी शांतपणे विचारलं, “कोणाचं कापायचंय?” काकांनी फोन ठेवून दिला आणि उरलेला दिवस कोणाशी बोलले नाहीत.

पण माझी पाळी आली ती महिना संपायला चार दिवस असताना. आम्हाला रबर पुरवणारे गृहस्थ, जुनी ओळख. माझ्या टेबलावर त्यांचा फोन आला. मालाची तारीख ठरली. मी ठेवणार तेवढ्यात ते म्हणाले, “भाऊ, एक सांगू? तिसऱ्या मसुद्यात ‘कृतज्ञतापूर्वक’ होतं, ते चौथ्यात काढलंत. बरं केलंत. ढोंगी वाटत होतं.”

माझ्या हातातलं पेन टेबलावर पडलं, टेबलावरून जमिनीवर पडलं, आणि घरंगळत कुठे गेलं ते मला आजतागायत माहीत नाही.

“कुठला मसुदा?”

“तोच हो. अक्कांना घालवायचा.”

“तुम्हाला कोणी सांगितलं?”

“तुम्हीच वाचून दाखवलात की. शुक्रवारी, सव्वाअकराच्या सुमाराला. मी होल्डवर होतो. मध्ये कोणीतरी बशी आपटली, तेवढा एक शब्द हुकला. ‘आपल्या प्रदीर्घ’, आणि पुढे?”

“सेवेचा,” मी म्हणालो.

“हां. मला वाटलंच.”

मी उठलो. जिन्याच्या वळणावर जाऊन उभा राहिलो आणि स्वतःच्या मोबाइलवरून कचेरीत फोन लावला.

“चाकांची कंपनी, नमस्कार.”

“अक्का, मी मसुदेभाऊ. मला जरा होल्डवर ठेवा.”

“आत्ता तर माझ्यासमोरून बाहेर गेलात.”

“हो. ठेवा.”

“किती वेळ?”

“मला समजेपर्यंत.”

“थांबा हं,” अक्का म्हणाल्या, आणि खट्ट वाजलं.

पुढे गाणं नव्हतं. आधी पाण्याचा नळ ऐकू आला. मग कपात चमचा फिरल्याचा आवाज, इतका जवळ की मी कान मागे घेतला. आणि मग गोदामकाका, जसे काही माझ्या खांद्यावर बसून बोलताहेत. “ती खिडकीतून आत येते, मी सोफ्यावरून. बाहेरच्या अर्ध्यावर शेजारचे आजोबा येऊन बसतात ते उठतच नाहीत. म्हणतात, इथे ऊन छान येतं. काल उशी मागितली.”

मी जिन्यावरच खाली बसलो.

चहाच्या खोलीत शिरलो तेव्हा काका कप विसळत होते. रेडिओ बंद. रेडिओसमोर साखरेचा डबा, आणि डब्याच्या मागे, बोंडाएवढा, काळा, जाळीचा माइक. त्याची वायर त्या नवव्या फोनसाठी ठेवलेल्या वायरीला जोडलेली. रेडिओतून वायर काढता आली नाही म्हणून फोनवाल्याने त्याच्यासमोर माइक ठेवला होता. रेडिओ वाजत असेल तर होल्डवरच्याला गाणं. आणि आम्ही रेडिओ बंद केला, दार लावलं, आवाज खाली आणला, की होल्डवरच्याला आम्ही.

साडेतीन आठवड्यांत त्या खोलीत काय काय बोललं गेलं होतं ते माझ्या डोळ्यांपुढून सरकायला लागलं. हिशेबनिसाची मूळव्याध. टंकलेखक मुलीने दुसऱ्या कंपनीत दिलेली मुलाखत. धाकट्या साहेबांविषयी माझं मत, जे मी दर मंगळवारी थोडं सुधारून देत असे. आणि पाच मसुदे. खोकेवाले, रबरवाले, तेलवाले, अर्ध्या गावातले दवाखाने. आमच्या कंपनीत जे कोणालाच माहीत नव्हतं ते बाहेर सगळ्यांना माहीत होतं.

आणि अक्कांना?

मी त्यांच्या टेबलापाशी गेलो. टेबलावर नवा फोन, त्याच्याखाली तो जुना लोकरीचा चौकोन. शेजारी माहितीपुस्तिका, निम्म्या पानांना कागदाच्या खुणा लावलेली.

“अक्का, होल्डवर काय ऐकू येतं ते तुम्हाला...”

“पान अकरा,” अक्का म्हणाल्या. “होल्डचा आवाज तपासण्यासाठी दुसऱ्या फोनवरून स्वतःला फोन करावा. मी दुसऱ्याच दिवशी केला.”

“दुसऱ्याच दिवशी,” मी म्हणालो.

“फोनच्या बुडाचं चित्र त्यांनी उलटं छापलंय. तेवढं पान पुस्तिका फिरवून बघावं लागतं. बाकी सोपं आहे.”

“म्हणजे ते पत्र...”

“पाचही ऐकले. घरून. तुम्ही दोघं तिकडे निघालात की मी घरी फोन लावायची आणि तो होल्डवर टाकायची. बहीण पलीकडे ऐकायची, रात्री मला सांगायची. चौथा बरा होता. पाचव्यात माझी नोकरी एकोणतीस वर्षं लिहिलीत. तीस आहेत.”

“अक्का, मला का नाही विचारलंत?”

“तुम्ही मला का नाही सांगितलंत?”

यावर माझ्याजवळ मसुदा नव्हता.

त्यांनी एक कॉल घेतला, तेलवाल्याला तेलाचं सांगितलं, ठेवला. मी तिथेच उभा. शेवटी धीर करून म्हणालो, “रबरवाल्यांना नेमकं त्याच वेळी होल्डवर कोणी...”

“भाऊ,” अक्का म्हणाल्या, “कचेरीतलं बाहेर सांगायची मला सवय नाही. तीस वर्षांत मी कोणाला एक अक्षर सांगितलेलं नाही. मी फक्त थांबायला सांगते.”

त्या चार दिवसांत मी चहाच्या खोलीत तोंड उघडलं नाही. माइक काढला का, असं कोणी विचारेल. नाही काढला. दोनदा हात नेला. एकदा साखर घेऊन परत आलो, एकदा तीही न घेता.

महिन्याचा शेवटचा दिवस. संध्याकाळी साडेचार. धाकटे साहेब काचेच्या केबिनमधून बाहेर आले, हातात पाकीट. “अक्का, जरा चहाच्या खोलीत येता? मसुदेभाऊ, तुम्हीही या. साक्षीला.”

“आलेच,” अक्का म्हणाल्या. “हातातले कॉल जरा थांबवते.”

मी त्यांच्या मागेच होतो, म्हणून मला दिसलं. फोनवर सहा दिवे असतात, सहा लाइनींचे. अक्का एकेक बटण दाबत गेल्या. “दोन मिनिटं थांबा हं. थांबा हं. बाई, थांबता ना? थांबा हं.” सहाच्या सहा दिवे लुकलुकायला लागले. अक्कांनी पदर सारखा केला आणि निघाल्या.

धाकट्या साहेबांनी दार लावलं. रेडिओ बंद केला. मी साखरेच्या डब्याकडे बघत होतो, आणि डबा माझ्याकडे.

“अक्का, बसा. हे बघा, काळ बदलतो. यंत्रं येतात. आता फोन यंत्र उचलणार. त्यात कोणाचा दोष नाही.” त्यांनी पाकीट पुढे केलं. “उद्यापासून तुम्ही घरी आराम करायचा.”

अक्कांनी पाकीट उघडलं, चष्मा लावला, शांतपणे वाचलं. “एकोणतीसचं तीस केलंत,” त्या मला म्हणाल्या. “बरं झालं.” मग साहेबांकडे वळल्या. “एक विचारू? दवाखान्यातला पलंग वाजायला लागला, तर त्यांनी काय करायचं?”

“दोन दाबायचं.”

“मग?”

“मग सूचना ऐकू येईल. तक्रार नोंदवली जाईल.”

“आणि चाक?”

“चाक काय, वाजेल. म्हणजे तोवर.”

“तोवर म्हणजे किती दिवस? पेशंट झोपलेला असतो हो त्याच्यावर. आपल्या खरेदीबाई तर फोन चाकाजवळ धरूनच बसतात.”

धाकट्या साहेबांचा धीर सुटला. ते तसे वाईट नाहीत. त्यांना प्रश्न विचारलेले आवडत नाहीत, एवढंच. “अहो अक्का, त्या एका बाईसाठी मी कंपनी चालवतो का? एकदा बाराशे चाकांवर सही करू दे तिला, मग बसू दे ऐकत.”

खोलीत नळ ठिबकत होता. तोही त्या सहा जणांना ऐकू जात असणार, असा एक निरर्थक विचार माझ्या मनात आला.

“ठीक,” अक्का म्हणाल्या. पत्राची घडी घालून पर्समध्ये ठेवली. “पोचेची सही मग करते. आधी थांबलेल्यांना देऊन येते. बिचारे केव्हाचे होल्डवर आहेत.”

साहेब केबिनमध्ये जाऊन बसले. सुटल्यासारखे दिसत होते. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.

“साहेब,” अक्कांचा आवाज, “रबरवाले आहेत. या वेळी विचारून देतेय. देऊ?”

“द्या.”

काचेमुळे आम्हाला सगळं दिसत होतं. साहेब हसत ‘बोला’ म्हणाले. मग हसू राहिलं आणि चेहरा त्याच्या मागून निघून गेला. त्यांनी चहाच्या खोलीकडे पाहिलं. मग फोनकडे. ठेवला. लगेच वाजला.

“साहेब, खोकेवाले. देऊ?”

‘द्या’ म्हणण्यावाचून त्यांच्याकडे काय होतं. असे पाच झाले. प्रत्येक कॉलला साहेब खुर्चीत थोडे खाली सरकत गेले. त्या खुर्चीला आमचीच चाकं आहेत, आवाज अजिबात झाला नाही. पाचव्याला टंकलेखक मुलगी काम सोडून उभी राहिली. तिला काहीच माहीत नव्हतं, तिला वाटलं साहेबांच्या घरी कोणी गेलं.

“साहेब, मोठ्या दवाखान्यातून. देऊ?”

साहेबांनी घाईत भलतंच बटण दाबलं. आवाज स्पीकरवर गेला आणि सगळ्या कचेरीत घुमला.

“नमस्कार,” खरेदीबाई म्हणाल्या. “मी ती एक बाई बोलतेय.”

स्पीकर बंद करायला साहेबांनी तीन बटणं दाबली. दोनांनी काही झालं नाही, तिसऱ्याने आवाज वाढला.

“तुम्ही हे... कुठे ऐकलंत?”

“तुमच्या होल्डवर. तीन आठवडे ऐकतेय. एकटी नाही, आमचा अख्खा विभाग ऐकतो. चहाच्या वेळेला टेबलाभोवती बसतो. पहिल्या मसुद्याला आमच्या मेट्रन रडल्या.” कागदाचा आवाज आला. “बाराशे चाकांची ऑर्डर माझ्यासमोर आहे. सही करायला मी तयार आहे. अट एकच. पलंग वाजला की मी फोन चाकाजवळ धरणार, आणि पलीकडे अक्का असायला हव्यात. त्यांची दोन वर्षं पुरी होईपर्यंत. ते ऑर्डरवरच लिहू की तुम्ही वेगळं पत्र देता? तुमचे मसुदेभाऊ चांगलं लिहितात.”

“वेगळं देतो,” साहेब म्हणाले. त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

ते केबिनमधून बाहेर आले. आधी चहाच्या खोलीत गेले. आत साखरेचा डबा सरकल्याचा आवाज आला आणि मग बराच वेळ काहीच आलं नाही. त्या वेळी ते काय काय आठवत उभे होते हे मला नेमकं ठाऊक आहे, कारण जिन्यावर बसून मी तेच आठवलं होतं. बाहेर आले तेव्हा हातात माइक नव्हता. तो काढायचं भान त्यांनाही राहिलं नव्हतं.

“अक्का,” ते म्हणाले, “तुम्हाला हे माहीत होतं?”

वीस वर्षं अक्कांनी त्यांना अहोजाहो केलं होतं. त्या म्हणाल्या, “बस जरा. पाणी पी. शाळेत डबा विसरायचास आणि रडत इथे फोन करायचास, तेव्हाही मी तुला थांबायलाच सांगायचे ना? थांबलास की सगळं व्हायचं.”

साहेब बसले. टंकलेखक मुलीच्या खुर्चीवरच बसले. पाणी प्याले. मग हात पुढे केला. “ते पत्र द्या इकडे.”

“राहू दे माझ्याकडे. दोन वर्षांनी तारीख बदलून वापरू. मजकूर चांगला आहे, आणि भाऊंना परत त्रास नको.” माझ्याकडे न बघता त्या हे बोलल्या. मी शिक्षा म्हणून ते घेतलं. अजून घेतो.

कचेरीत कोणीच बोलत नव्हतं. कोणी काही बोललं तर ते कुठे पोचेल याचा भरवसा उरला नव्हता. तेवढ्यात केबिनमधून खणखणीत आवाज आला. साहेबांनी फोन ठेवलाच नव्हता.

“अहो, आहे का कोणी? अक्का आहेत का तिथे?”

अक्का केबिनच्या दारात गेल्या. “बोला बाई.”

“सही केली बरं का मी. ऑर्डर निघाली.”

“उपकार झाले.”

“त्यात उपकार कसले. एक बारीकसं काम होतं, कराल का?”

धाकट्या साहेबांनी ग्लास खाली ठेवला. हिशेबनिसाने चष्मा काढला. बाराशे चाकांच्या बदल्यात आणखी काय द्यावं लागणार, म्हणून आम्ही सगळे श्वास धरून उभे.

“मला पाच मिनिटं परत होल्डवर ठेवता का? तुमचे गोदामकाका आत्ता चहाला गेले असतील. तो सोफा आत गेला की नाही, तेवढं ऐकायचं राहिलंय.”